सहाचा चढ

दौलतगंजात गजकवाल्याच्या डोक्यावर
दुसऱ्या मजल्यावर जिम आहे.
पायऱ्या बत्तीस, लिफ्ट नाही,
तरी वर पोचून मी पुन्हा चढते,
महिन्याचे बाराशे देऊन.

कार्डावर नाव हेमलता कटारे.
ग्वाल्हेरात कडतऱ्यांचं कटारे होतंच, तीन पिढ्या झाल्या,
मी आता खोडत नाही.

पहिले चार महिने सपाटीवर पळाले.
पळाले कसली, आपटत राहिले.
वर पट्टा धडधडायचा,
खाली तीळगूळ कुटणाऱ्यांचे लाकडी हातोडे,
कोण कुणाला कुटतंय ते कळायचं नाही.
गुडघा मात्र माझाच होता.

मग रिंकू भदौरियानं वेग उतरवला, साडेतीनवर आणला
आणि बाणाचं दुसरं बटण दाबलं.
पुढचं टोक हळूच वर आलं,
मागं ओझं झालेली गाडी उलाळावी तसं.
एक. दोन. आठवड्यानं तीन.
"आंटी, डंडा छोड़ो," तो म्हणाला,
"पकड़ के चढ़ोगी तो मशीन चढ़ेगी, आप नहीं."

हात सोडले आणि चढ खरा झाला.
पोटऱ्या. मांड्यांमागची विसरलेली रग.
सपाटीवर फुकट मिळणारा श्वास
सहावर मोजून मिळतो, रेशनच्या रॉकेलसारखा.
पाऊल आखूड. कमरेत वाकायचं नाही.
घोट्यापासून वर सगळी मी एका रेषेत,
किंचित पुढं.

असेच चालायचे दादा.

उरवाईच्या घाटीनं, खांद्यावर खाकी झोळी, सायकल हातात.
वर किल्ल्यावर थोडी घरं, एक शाळा,
आणि एक म्हातारी, जिला पत्र कधीच नाही,
फक्त पंचाहत्तर रुपयांची मनिऑर्डर.
वाटेत कातळात कोरलेले तीर्थंकर,
हात थेट गुडघ्यांपर्यंत सोडलेले,
कशालाही न धरता उभे.
सुट्टीत मीही जायची, सात वर्षांची,
मागून कॅरियर ढकलायची.
दादा विचारायचे, ढकलतेस की लोंबकळतेस?

रात्री पाय मिठाच्या पाण्यात.
चढानं माझं काही बिघडवलं नाही, म्हणायचे,
गुडघे खाल्ले ते उतारानं.
रिकामी झोळी, दाबलेले ब्रेक,
आणि आडवं टाकलेलं एकेक पाऊल.
निवृत्तीच्या सत्कारात कुणीसं म्हणालं,
आता उतारवयात आराम करा.
सगळ्या सभागृहात ते एकटेच हसले.

या यंत्राला उतार नाही.
वर पंधरापर्यंत जातं,
खाली शून्यावर येऊन अडतं.
मी बटण दोनदा जास्त दाबून पाहिलं.
महागड्यांमध्ये असतो, रिंकू म्हणाला, उणे तीनपर्यंत.
म्हणजे उतार मिळतो,
पैसे जास्त पडतात.

मंगळवारी एकविसाव्या मिनिटाला वीज गेली.
मिनिटं विझली, उष्मांक विझले,
हृदयाचे ठोके पडद्यावरून गेले
आणि छातीत एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागले.
पट्टा थांबला.
फळी मात्र तशीच, सहावर कललेली,
तिच्यावर मी.
खिडकीत किल्ला, नेहमीसारखा आडवा पसरलेला.
खालचे हातोडे चालूच होते, त्यांना वीज लागत नाही.

हात सुटे होते.
तसेच राहू दिले,
किती वेळ, ते दाखवायला आकडे नव्हते.

मग बत्तीस पायऱ्या उतरले,
पाऊल आडवं टाकत.
गजकवाल्यानं तळहाताचा तीळ झाडत विचारलं,
ऊपर लाइट आई क्या?

नहीं भैया, म्हटलं.
चढ तेवढा आहे अजून.